दोन गिरण्या : क्रिकेटपटूंच्या आत्मकथनांतलं न लिहिलेलं प्रकरण

विजय मर्चंट यांच्या नावावर सांगितलं जाणारं एक वाक्य आपल्याकडे कित्येक वर्षं फिरतं आहे. खेळाडूनं अशा वेळी थांबावं की लोकांनी ‘का थांबलात?’ असं विचारावं. ‘का थांबत नाही?’ असं विचारायची पाळी त्यांच्यावर येऊ नये. सुनील गावस्करांनी ते अनेकदा सांगितलं, समालोचकांनी सांगितलं, आणि मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभातही मी ते ऐकलं आहे. एकदा मीही वापरलं. हा लेख त्या प्रसंगातून निघाला, म्हणून तो आधी सांगतो.

मी जिल्ह्यातल्या लेदर बॉल स्पर्धांचा स्कोअरर. धाराशिव तेव्हा उस्मानाबाद होतं. मॅटिंगवर सामने व्हायचे आणि मी शामियान्याच्या खांबाला टेकून वही भरायचो. आमच्याकडे एक डावखुरे फिरकी गोलंदाज होते. गावात सगळे त्यांना तात्या म्हणतात. तरुणपणी पुण्याला निवड चाचणीला दोनदा जाऊन आले, पुढं काही झालं नाही. तरी पन्नाशी उलटेपर्यंत ते खेळत राहिले. चेंडू वळायचा थांबला होता, गुडघा बोलायला लागला होता, पोरं मागून हसायची. अखेर मंडळानं त्यांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ आणि दोन भाषणं, त्यातलं एक माझं. मी मर्चंटांचं वाक्य सांगितलं आणि ‘तात्यांनीही योग्य वेळी बॅट खाली ठेवली’ असं म्हणालो. ते खोटं होतं, शिवाय ते गोलंदाज होते.

दुसऱ्या दिवशी मी दळण घेऊन त्यांच्या गिरणीवर गेलो. पिठानं भुवया पांढऱ्या झालेल्या. पट्टा बंद करून म्हणाले, “चांगलं बोललात बगा भाऊ. पर त्या मर्चंटसायबाची बी गिरनीच व्हती अन् माजी बी गिरनीच हाय. त्येंची कापडाची, माजी पिठाची.”

मर्चंट गिरणीमालक होते हे त्यांना ठाऊक असल्याचं मला आश्चर्य वाटलं. पण रविवारी दुपारी विविध भारतीवर ‘क्रिकेट विथ विजय मर्चंट’ ऐकत वाढलेल्या पिढीतले ते. मी दळण घेऊन घरी आलो. तेव्हापासून क्रिकेटपटूंची आत्मचरित्रं वाचताना मी प्रत्येक पुस्तकात गिरणी शोधतो. म्हणजे असं, की हा माणूस मैदानातून बाहेर पडला तेव्हा त्याला जायला कुठली जागा होती, आणि ती जागा त्याच्या पुस्तकात दिसते का?

आधी मर्चंटांचंच बघू. ठाकरसी घराण्यातला हा मुलगा; हिंदुस्थान स्पिनिंग अँड वीव्हिंग मिलशी त्यांचा आयुष्यभर संबंध राहिला. प्रथम श्रेणीतली त्यांची सरासरी ७१.६४, ब्रॅडमन सोडले तर जगात एवढी मोठी सरासरी शोधावी लागते. शेवटची कसोटी नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीत, इंग्लंडविरुद्ध. वय ४०, धावा १५४. कुणीही ‘का थांबलात?’ असं विचारावं असाच हा शेवट. मात्र त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना त्यांच्या खांद्याला दुखापत झाली आणि त्या दुखापतीनं त्यांचा खेळ थांबवला. म्हणजे वेळ साधून थांबण्याचं सुभाषित ज्यांच्या नावावर आहे, त्यांना स्वतःला खांद्यानं थांबवलं होतं. वाक्य मागाहून आलं आणि डावाला चिकटलं. यात मर्चंटांना खोटं पाडायचा हेतू नाही. मागाहून सुचलेली वाक्यं बहुतेकदा चांगलीच असतात. पण मग ते वाक्य इतरांना मोजायची फूटपट्टी कसं झालं?

मला वाटतं, ते वाक्य ज्याला दुसऱ्या दिवशी जायला गिरणी आहे अशाच माणसाला सुचू शकतं. मर्चंट पुढं निवड समितीचे अध्यक्ष झाले, रेडिओवर बोलले, अपंगांसाठी त्यांनी मनापासून काम केलं. खेळाच्या पलीकडं त्यांच्यासाठी एक भरलेलं घर होतं. ज्याच्या पलीकडं मोकळं माळरान आहे त्यानं ‘लोकांनी का विचारावं’ या हिशोबानं थांबावं, ही अपेक्षा दिसायला नैतिक असली तरी मुळात ती आर्थिक आहे.

आता दुसरे विजय. विजय मांजरेकर, ५५ कसोटी, ३,२०८ धावा, ७ शतकं. शेवटची कसोटी १९६५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मद्रासला, न्यूझीलंडविरुद्ध. शेवटच्या डावात नाबाद १०२. त्यानंतर ते पुन्हा कसोटी खेळले नाहीत. वय ३३. मर्चंटांच्या फूटपट्टीनं मोजलं तर हा शेवट मर्चंटांच्याही वरचा, कारण हे नाबाद राहिले. दोघांचं नाव विजय, दोघांच्याही शेवटच्या कसोटी डावात शतक. क्रिकेटच्या आकडेवारीत ही जोडी शेजारी शेजारी मांडली जाते आणि तिथंच विषय संपतो.

पण मांजरेकरांना मिल नव्हती. रणजीत ते सहा संघांकडून खेळले : मुंबई, बंगाल, आंध्र, उत्तर प्रदेश, राजस्थान, महाराष्ट्र. एवढ्या संघांची यादी आज वाचताना ती हौशी भटकंती वाटते. त्या काळातला खेळाडू प्रांत बदलायचा त्यामागं बहुधा नोकरी असायची, नाहीतर कुणा संस्थानिकाचा आश्रय. १८ ऑक्टोबर १९८३ रोजी ते मद्रासमध्येच वारले, ५२ व्या वर्षी. कपिलच्या संघानं विश्वचषक उचलून चार महिने झाले होते.

त्यांच्या निवृत्तीबद्दल आपल्याला जे काही आतून कळतं, ते त्यांच्या मुलाच्या पुस्तकातून. संजय मांजरेकरांचं ‘इम्परफेक्ट’ हे मला गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात महत्त्वाचं क्रिकेट आत्मकथन वाटतं, आणि त्याचं कारण त्यातलं क्रिकेट नव्हे. एक तारीख बघा. संजय यांचा जन्म १२ जुलै १९६५ चा. वडिलांची शेवटची कसोटी त्याच्या चार-साडेचार महिने आधीची. कसोटीपटू विजय मांजरेकर त्यांच्या मुलानं एक दिवससुद्धा पाहिले नाहीत. त्याच्या वाट्याला आला तो खेळून झालेला माणूस. वडिलांविषयी आपल्या मनात सगळ्यात ठळक भावना भीतीची होती, असं संजय सरळ लिहितात. घरातला तो राग, तो ताण, आणि मोठेपणी स्वतः खेळ सोडल्यावर त्या रागाचा अर्थ लावण्याचा प्रयत्न, हा या पुस्तकाचा गाभा आहे.

मराठी वाचकाला वडिलांबद्दल असं वाचायची सवय कमी. आपल्या चरित्रवाङ्मयात वडील शिस्तीचे असतात, कडक असतात, फणसासारखे असतात. भीती वाटायची असं लिहिलं, तर लगेच पुढच्या वाक्यात ‘पण आतून’ येतं. संजय मांजरेकर ते ‘पण आतून’ घाईनं आणत नाहीत. पुस्तकाचं मोल तिथं आहे. ते इंग्रजीत आहे म्हणून तसं झालं, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. स्वतः बत्तिसाव्या वर्षी, १९९८ साली खेळ सोडलेल्या माणसानं ते लिहिलं, म्हणून तसं झालं. वडिलांची खोली कशी होती हे त्याला आत शिरल्यावर कळलं. त्याच्या खोलीत समालोचनाचा माईक होता, वडिलांच्या खोलीत तो नव्हता.

०००

याच्या उलट, खेळाडूंनी स्वतः लिहिलेली पुस्तकं निवृत्तीपाशी आली की थांबतात किंवा तिथवर येतच नाहीत. अजित वाडेकरांचं ‘माय क्रिकेटिंग इयर्स’ १९७३ चं. वेस्ट इंडीज आणि इंग्लंड दोन्हीकडं जिंकून आलेल्या कर्णधाराचं ते पुस्तक, स्वाभाविकच आनंदी. एक वर्षानं, १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात, लॉर्ड्सवर सगळा संघ ४२ धावांत गेला, मालिका ३-० नं गेली. इंदूरला विजयाची आठवण म्हणून उभारलेल्या बॅटीला लोकांनी डांबर फासलं. वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळलं आणि ते थांबले. या सगळ्याला पुस्तकात जागा असणं शक्यच नव्हतं, कारण पुस्तक आधीच छापून झालं होतं. गावस्करांचं ‘सनी डेज’ १९७६ चं. लेखक २७ वर्षांचा, निवृत्ती अकरा वर्षं पुढं. आत्मचरित्र हे आयुष्य पाहून झाल्यावर लिहायचं असतं असं आपण समजतो. क्रिकेटमध्ये ते खप असताना लिहायचं असतं. प्रकाशकाचा हिशोब चुकीचा नाही, पण त्यामुळं आपल्याकडच्या क्रिकेट वाङ्मयात शेवटचं प्रकरण पद्धतशीरपणे गाळलं गेलं आहे.

वाडेकरांचं न लिहिलेलं प्रकरण काय होतं? ते स्टेट बँकेत होते. कर्णधारपद गेल्यावरही टेबल होतं, हजेरीपट होता, बढती होती. हे मी हलकेपणानं सांगत नाही. मुंबईच्या क्रिकेटची मोठी गोष्ट शिवाजी पार्क किंवा ब्रेबॉर्नवरून सांगितली जाते, पण तिचा पाया कार्यालयांत होता. टाटा, एसीसी, मफतलाल, निर्लॉन, स्टेट बँक, डेना बँक, एअर इंडिया, रेल्वे. टाइम्स शील्ड ही स्पर्धा म्हणजे या पायाचा वार्षिक उत्सव. खेळाडूला नोकरी मिळायची ती खेळासाठी, आणि टिकायची खेळ संपल्यावर. त्या पिढीच्या दोन निवृत्त्या व्हायच्या. एक पस्तिशीत, मैदानावरची. दुसरी अठ्ठावन्न किंवा साठाव्या वर्षी, कार्यालयातली, चहा-वेफर्सची. पहिलीचं दुःख दुसरीनं पंचवीस वर्षं पुढं ढकललेलं असायचं. महिला क्रिकेटमध्ये हे आणखी ठळक : डायना एडुल्जींसारख्या खेळाडूला रेल्वेनं नोकरी दिली तेव्हा बोर्डाचं पेन्शन, मानधन या गोष्टी बायकांसाठी कुणाच्या स्वप्नातही नव्हत्या.

आणखी मागं गेलं तर हे नातं सुरुवातीपासूनचं आहे. बाळू पालवणकर पुण्याच्या युरोपियन क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची कामं करत आणि साहेबांना नेटमध्ये चेंडू टाकत. पुढं मुंबईत रेल्वे कंपनीत नोकरी, कंपनीच्या संघात खेळ. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी. चांभार म्हणून सहखेळाडूंपासून वेगळ्या कपात चहा पिऊन घेतलेले बळी आहेत हे. आणि निवृत्तीनंतर? १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसकडून प्रत्यक्ष डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. एकेकाळी आंबेडकरांनी ज्यांचा अभिमान बाळगला, ते बाळू. निवृत्त खेळाडूची पुण्याई कुणीतरी वापरायला घेतं, याचं आपल्याकडचं बहुधा पहिलं मोठं उदाहरण. त्यांच्या बाजूनं ते कसं होतं हे बाळूंच्या शब्दांत आपल्यासमोर नाही. पालवणकर घराची गोष्ट लिहिली ती धाकट्या भावानं. विठ्ठल पालवणकर, १९२३ च्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाचे विजयी कर्णधार. त्यांचं ‘माझे क्रीडा-जीवन’ १९४८ मध्ये निघालं. रामचंद्र गुहांनी आपल्या इंग्रजी इतिहासात त्याचा वापर केला तेव्हा अनेक मराठी वाचकांना कळलं की असं पुस्तक आपल्याच भाषेत होतं. त्याची नवी, टीपांसह आवृत्ती घरोघरी असायला हवी होती. उस्मानाबादला जानेवारी २०२० मध्ये साहित्य संमेलन भरलं तेव्हा मी ग्रंथप्रदर्शनात तीन दिवस क्रिकेटची मराठी पुस्तकं शोधत फिरलो. सचिनवरची होती, धोनीवरची होती, यशाची सूत्रं सांगणारी तर ढिगानं होती. विठ्ठलराव नव्हते.

वडिलांची गोष्ट मुलगा लिहितो, भावाची भाऊ. माझ्या वाचनातून हाती आलेली गोष्ट ती ही : निवृत्ती खरी लिहिली जाते ती त्या निवृत्तीबरोबर एका छपराखाली राहिलेल्या माणसाकडून. खेळाडू स्वतः लिहितो तेव्हा तो निरोप लिहितो. निरोप एका संध्याकाळचा असतो, आणि निवृत्ती त्यानंतरच्या सगळ्या दुपारी.

निरोपाचा सगळ्यात मोठा नमुना १६ नोव्हेंबर २०१३ चा, वानखेडेवरचा. दोनशेवी कसोटी, शेवटच्या डावात ७४, आईनं पहिल्यांदा मैदानात बसून पाहिलेला सामना. मग कागद हातात घेऊन केलेलं भाषण. वाङ्मयप्रकार म्हणून ते भाषण तपासलं तर ते शंभर टक्के आपलं ‘सत्काराला उत्तर’ आहे. आधी वडील, मग आई, काका-काकू, भावंडं, पत्नी, मुलं, सासर, मित्र, गुरू, संघ, डॉक्टर. कुणी राहू नये म्हणून यादी. आमच्या तालुक्यातला निवृत्त होणारा गुरुजी असंच बोलतो. प्रा. रमेश तेंडुलकर मराठीचे कवी आणि समीक्षक होते. मुलाचं सगळ्यात गाजलेलं भाषण ऋणनिर्देशाच्या प्रकारात बसावं, यात मराठी घराचा संस्कार दिसतो, आणि तो मला आवडतो. पण ऋणनिर्देशात ‘उद्या सकाळी मी काय करू?’ याला जागा नसते. वर्षभरानं आलेल्या ‘प्लेइंग इट माय वे’ मध्येही शेवट त्या मैदानाभोवतीच फिरतो.

त्या शेवटाची दुसरी बाजू २०१६ साली पुढं आली. संदीप पाटील निवड समितीच्या अध्यक्षपदावरून उतरल्यावर एका मराठी वृत्तवाहिनीशी बोलले. डिसेंबर २०१२ मध्ये समितीनं सचिनला भेटून पुढचा विचार विचारला होता. त्यानं एकदिवसीय क्रिकेट सोडलं नसतं तर त्याला वगळावं लागलं असतं, असं त्यांनी सांगितलं. बरीच टीका झाली. मला मात्र त्या खोलीतलं दृश्य डोळ्यांसमोरून हलेना. शिवाजी पार्कचा एक फलंदाज, ज्यानं स्वतः १९८६ मध्ये निवृत्ती जाहीर करून नंतर पुन्हा मध्य प्रदेशकडून रणजी खेळली होती, तो शिवाजी पार्कच्या दुसऱ्या फलंदाजाला विचारतो आहे. आमच्या जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली, त्यात नामदेव कच्चे निघाले, अशी कथा आहे. ती सांगताना आपण नामदेवांच्या अपमानाबद्दल बोलतो. थापटणं हातात घ्यायची वेळ आलेल्या गोरोबांना काय वाटलं असेल?

पाटील यांचं ‘एकच षटकार’ आमच्याकडं एसटी स्टँडवर यायचं. माझं क्रिकेटचं सगळं शिक्षण त्यातलं. कुणी निवृत्त झालं की त्याचं रंगीत पान यायचं आणि तो खेळाडू पुढच्या अंकापासून नाहीसा व्हायचा.

गावस्करांच्या बाबतीत आपण सगळ्यांनी मिळून हेच केलं. बंगळुरूची मार्च १९८७ ची कसोटी, वळणाऱ्या खेळपट्टीवर ९६, भारत १६ धावांनी हरला : हा शेवट सगळ्यांना पाठ. खरा शेवट ५ नोव्हेंबर १९८७ चा आहे. वानखेडे, विश्वचषकाची उपांत्य फेरी, डीफ्रेटसनं त्रिफळा उडवला, धावा ४. तो शेवट आपण वाचक म्हणून संपादित करून टाकला. सुभाषितात बसत नव्हता.

आताशा निरोपाला मैदानही लागत नाही. ७ मे २०२५ ला रोहित शर्मानं २८० क्रमांकाच्या कसोटी टोपीचं छायाचित्र इन्स्टाग्रामवर टाकलं, खाली चार ओळी. कसोटी कारकीर्द संपली.

०००

पद्माकर शिवलकरांवर मात्र थांबायला हवं. १२४ प्रथम श्रेणी सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९, भारतासाठी शून्य सामने. त्याच काळात बिशनसिंग बेदी होते, हे एका ओळीचं कारण. १९७२-७३ ची रणजी अंतिम लढत, मद्रासची आखाडा खेळपट्टी, १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५. गावस्करांनी ‘आयडॉल्स’ मध्ये त्यांच्यावर आणि राजिंदर गोयल यांच्यावर लिहिलं, दोघंही कधी भारतासाठी न खेळलेले, ही त्या पुस्तकातली सगळ्यात उदार गोष्ट. बोर्डानं २०१७ मध्ये दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव दिला. ३ मार्च २०२५ रोजी शिवलकर गेले.

ते गात. ‘हा चेंडू दैवगतीचा’ हे त्यांचं गाणं जुन्या मुंबईकरांना आठवत असेल. आत्मकथनालाही त्यांनी तेच नाव दिलं. या नावाशी मी बरीच वर्षं भांडलो आहे. दैवगती म्हटलं की निवड समिती सुटते, बोर्ड सुटतं, एका वेळी दोन डावखुरे फिरकीपटू खेळवायचे नाहीत हा हट्टही सुटतो. कारणांची चिकित्सा करायची तिथं आपला माणूस गाणं म्हणतो, असं मला वाटायचं. आपल्याकडच्या अनेक आत्मकथनांवर माझा हा आक्षेप अजूनही आहे.

पण शिवलकरांच्या बाबतीत तो मी मागं घेतला, आणि त्याला कारण पुस्तकाबाहेरचं. १९८७-८८ च्या मोसमात, वयाच्या ४७ व्या वर्षी, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली असताना ते पुन्हा मुंबईकडून खेळायला उतरले. मर्चंटांच्या फूटपट्टीवर हे बसत नाही. या वयात खेळायचं म्हणजे लोकांना दोन्ही प्रश्न एकदम विचारायला लावायचे. त्यांना त्या प्रश्नांची फिकीर नव्हती असं मला दिसतं. ज्याला कुणी शिखरावर चढूच दिलं नाही, त्याला शिखरावरून कधी उतरायचं हे शिकवण्यात काय अर्थ? बोलावणं आलं, तो गेला. दैवगती हा शब्द अशा माणसाच्या तोंडी तक्रार गिळायचा शब्द राहत नाही. हातात चेंडू आहे तोवर टाकायचा, एवढाच त्याचा अर्थ होतो.

अमोल मुजुमदारांची जात हीच. रणजी पदार्पणात २६०, कारकिर्दीत ११,१६७ धावा, मुंबईनंतर आसाम, मग आंध्र. मुंबईत नाव असलेल्या माणसानं पस्तिशीनंतर लहान संघांकडून खेळत राहणं हे तेव्हा कित्येकांना केविलवाणं वाटलं. मलाही वाटलं, मी तसं कुठंतरी लिहिलंही. २०१४ मध्ये ते थांबले. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तेच होते. त्या विजयाला ‘नियतीनं फेडलेलं ऋण’ वगैरे म्हणायचा मोह सगळ्यांना झाला. मला त्यात आसाम आणि आंध्रची ड्रेसिंग रूम दिसते. लांबलेल्या वर्षांत माणूस काहीतरी शिकत असतो, ज्याला थांबवायची आपल्याला घाई असते.

विनोद कांबळींबद्दल थोडंच लिहितो, कारण फार लिहून झालं आहे आणि त्यातलं बरंच ससा-कासवाच्या गोष्टीसारखं आहे. १७ कसोटी, सरासरी ५४.२०, शेवटची कसोटी १९९५ ची, वय २३. बोर्डाचं पेन्शन हेच आपलं उत्पन्न आहे आणि आपल्याला काम हवं आहे, असं ते २०२२ मध्ये उघडपणे बोलले. मराठी माध्यमांनी त्याचा मजकूर केला तो शिस्त विरुद्ध बेशिस्त असा. २३ व्या वर्षी ज्याचं मोठं काम संपतं त्याच्या उरलेल्या पन्नास वर्षांचं काय, हा प्रश्न त्या मजकुरात कुठंच नव्हता.

हा प्रश्न पुढं वाढणार आहे. कार्यालयांचं क्रिकेट आटलं, बँकांनी खेळाडू घेणं कमी केलं. २०२१ पासून रणजी खेळणाऱ्याला दिवसाला ४० ते ६० हजार रुपये मिळतात, जून २०२२ मध्ये जुन्या प्रथम श्रेणी खेळाडूंचं किमान पेन्शन १५ वरून ३० हजारांवर गेलं. पैसा आला हे चांगलंच. मात्र टेबल गेलं. इंग्लंडमध्ये व्यावसायिक क्रिकेटपटूंची संघटना १९६७ पासून आहे. आपल्याकडं माजी खेळाडूंची संघटना लोढा समितीच्या शिफारशीनंतर २०१९ मध्ये उभी राहिली. डेव्हिड फ्रिथ यांनी ‘सायलेन्स ऑफ द हार्ट’ (२००१) मध्ये आत्महत्या केलेल्या क्रिकेटपटूंच्या कहाण्या गोळा केल्या. मी ते सलग वाचू शकलो नाही. त्यातली बरीच माणसं खेळून झालेली आहेत, एवढं मात्र मनात राहतं.

आमच्या जिल्ह्यात खेळाचं खरं नाव खो-खो. सारिका काळे इथल्याच. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार. खेळाच्या दिवसांत घरात एक वेळचं जेवण असायचं हे त्यांनी मुलाखतींत सांगितलं आहे. नंतर त्या शासनाच्या क्रीडा खात्यात अधिकारी झाल्या. इथं मैदानावर धावणाऱ्या मुलींना विचारा, त्या पदकाआधी पाच टक्के आरक्षणाबद्दल बोलतात. शहरातल्या क्रीडाप्रेमींना हे खटकतं, खेळावर प्रेम नाही असं वाटतं. मला वाटतं, या मुलींना मुंबईच्या जुन्या क्रिकेटची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बरोबर समजली आहे. आणि २०२२ मध्ये तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरला आयपीएलच्या लिलावात दीड कोटी मिळाले तेव्हा आमच्याकडच्या प्रत्येक आईबापानं पोराला बॅट आणून दिली. अकादम्या निघाल्या, नेट लागले. पोरगं तेविसाव्या वर्षी थांबलं तर काय, हे अकादमीच्या फलकावर लिहिलेलं नसतं.

हा लेख लिहायला घेतल्यावर मी तात्यांकडं गेलो. गिरणी आता मुलगा चालवतो. तात्या बाहेर खुर्चीवर बसलेले असतात. मी विचारलं, “तात्या, खेळ सुटल्यावर कसं वाटलं?” माझ्याकडं बघून म्हणाले, “सुटला कवा?” मग थोड्या वेळानं : “तुमच्या वहीत माज्या इकेटी किती निगत्यात, तेवढं काडा की.”

घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. काही कसर लागून गेल्या होत्या, दोन पावसाळ्यात भिजल्या होत्या. जेवढ्या राहिल्या त्यात ३१२ भरल्या. शेवटच्या वहीत त्यांचा शेवटचा सामना आहे. संघाच्या यादीत अकरावं नाव तात्यांचं, फलंदाजीची पाळी आली नाही. गोलंदाजीच्या रकान्यात त्यांचं नावच नाही. त्या दिवशी कर्णधारानं त्यांना चेंडू दिला नव्हता, आणि वही मीच भरत होतो. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांना ३१२ चा आकडा सांगितला. तात्या म्हणाले, “कमी हायेत. तुळजापूरची म्याच बगा, त्यात सहा व्हत्या.”

तुळजापूरची वही अजून सापडली नाही.